बोलपटातील बोल आणि समीक्षकाचा कान
(२०२५ मधील तीन मराठी चित्रपटांच्या निमित्ताने)

१

मराठी चित्रपटाला वाणी लाभली ती १९३२ साली, ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटाने. मूकपटाहून असलेले वेगळेपण दाखविण्यासाठी त्या काळी अशा कृतींना ‘बोलपट’ म्हणत. पुढे सर्वच चित्रपट बोलू लागले, तेव्हा हा भेद दाखविण्याची गरज उरली नाही आणि ‘बोलपट’ हा शब्दही व्यवहारातून मागे पडला. शब्द मागे पडला त्याविषयी तक्रार नाही. परंतु त्याच्याबरोबर एक जाणीवही मागे पडली की काय, अशी शंका आपली चित्रपटसमीक्षा वाचताना येते. ही समीक्षा कथानकाविषयी बोलते, अभिनयाविषयी बोलते, छायालेखनाविषयी व संगीताविषयी बोलते. अलीकडे ती दिग्दर्शकाच्या दृष्टीविषयीही साक्षेपाने बोलू लागली आहे. भाषेविषयी मात्र तिच्यापाशी बहुधा एकच वाक्य असते. संवाद प्रमाणभाषेत असतील तर ते ‘खटकेबाज’ ठरतात आणि बोलीत असतील तर ‘बोलीचा बाज चांगला सांभाळला आहे’ असे प्रशस्तिपत्र मिळते.

प्रस्तुत लेखक चित्रपटकलेचा रीतसर अभ्यासक नव्हे. पंचवीस वर्षे हौसेने चित्रपट पाहणारा एक प्रेक्षक आणि व्यवसायाने भाषाविज्ञानाचा अध्यापक, एवढाच त्याचा अधिकार. तेव्हा पुढील मते हौशी रसिकाची आहेत, हे आरंभीच मान्य केलेले बरे. मात्र व्यवसायामुळे कानाला जी सवय लागते ती चित्रपटगृहाच्या दाराशी काढून ठेवता येत नाही. त्या सवयीच्या आधारे २०२५ या वर्षी प्रदर्शित झालेल्या तीन चित्रपटांविषयी काही विचार येथे मांडावयाचा आहे. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ ७ मार्च रोजी, सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ १२ सप्टेंबर रोजी आणि रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ १९ सप्टेंबर रोजी प्रदर्शित झाला. पहिला विदर्भातील, दुसरा तळकोकणातील आणि तिसरा मुंबईहून गावी गेलेल्या माणसाचा आहे. तिघांतही बोली आहे आणि तिघांच्याही संबंधात तिच्या अस्सलपणाची चर्चा झाली. ही चर्चा व्यर्थ नसली तरी ती चुकीच्या जागी थांबते, असे येथे प्रतिपादन आहे.

२

‘बोली अस्सल आहे काय?’ या प्रश्नाला इतिहास आहे. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ पासून तमाशाप्रधान चित्रपटांची जी परंपरा रूढ झाली, तीत ग्रामीण बोली हे प्राधान्याने रंगाचे व विनोदाचे साधन होते. १९७१ च्या ‘सोंगाड्या’ नंतर भोळ्या नायकाची बोली द्व्यर्थी विनोदाला सोयीची ठरली. या चित्रपटांतील बोली ही बहुतेक वेळा कोणत्याच गावची नसे. काही क्रियापदांची रूपे, काही हेल आणि काही ठरावीक संबोधने एकत्र करून तयार केलेली ती एक सर्वसाधारण ‘गावरान’ भाषा होती. अशा परिस्थितीत एखाद्या दिग्दर्शकाने विशिष्ट तालुक्याची विशिष्ट बोली आग्रहाने वापरली, तर समीक्षकाने तिचे स्वागत करावे हे स्वाभाविकच होते. अस्सलपणाची कसोटी जन्माला आली ती एका खऱ्या अन्यायाच्या विरोधात, हे विसरता कामा नये.

परंतु कसोटी ज्या कामासाठी निर्माण झाली ते काम बव्हंशी पार पडल्यावरही ती तशीच वापरीत राहिले, म्हणजे ती समजूत होऊन बसते. रूपे बरोबर आहेत की नाहीत हे सांगणे हा वर्णनात्मक भाषाविज्ञानाचा विषय होय. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची जी पाहणी केली, तिच्यातील कुडाळी बोलीचे वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या मालवणी पात्राचे बोलणे त्या वर्णनाशी ताडून पाहता येईल आणि त्याला गुणही देता येतील. पण असे गुण दिल्याने चित्रपटाविषयी आपण काय बोललो? पात्राच्या तोंडची बोली बिनचूक असूनही चित्रपट भाषेच्या दृष्टीने मुका असू शकतो. उलट, नटाच्या उच्चारात शहरी वळण डोकावत असूनही चित्रपटाने भाषेचे मर्म पकडलेले असू शकते.

मर्म म्हणजे काय, ते थोडे स्पष्ट केले पाहिजे. डेल हाइम्स यांनी १९६२ मध्ये भाषणव्यवहाराच्या अभ्यासाची जी दिशा सुचविली, तिचा सारांश असा सांगता येईल की, एखाद्या समाजाची भाषा जाणणे म्हणजे केवळ तिचे व्याकरण जाणणे नव्हे. कोणी, कोणाशी, कोठे, कोणत्या प्रकाराने बोलावयाचे आणि केव्हा गप्प राहावयाचे हे जाणणेही होय. चित्रपट ही कला या दुसऱ्या ज्ञानाला विशेष जवळची आहे. कादंबरीला बोलणाऱ्याची जागा वर्णन करून सांगावी लागते. चित्रपटात ती दिसतेच. कोण खुर्चीवर बसला आहे, कोण उभा आहे आणि कोण दाराआडून ऐकत आहे, हे वाक्याबरोबरच आपल्यापर्यंत पोहोचते. म्हणून चित्रपटातील भाषेची समीक्षा करावयाची तर शब्दांच्या रूपांपाशी न थांबता बोलण्याच्या वाटपाकडे पाहिले पाहिजे. प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाला आहे? उत्तर देण्याचे बंधन कोणावर आहे? कोणती भाषा कोणत्या खोलीत चालते? आणि ज्याला शब्दच नाही असे काय शिल्लक राहते?

३

या दृष्टीने गेल्या दशकातील दोन चित्रपट मानदंड म्हणून डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहेत. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाचे नावच मराठी नाही. तो कैकाडी भाषेतील डुकराला असलेला शब्द आहे. कैकाडी ही द्राविडी कुळातील भाषा. तमिळमधील ‘पन्री’ या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. जब्याच्या घरात हा शब्द रोजच्या व्यवहारातला आहे. तोच शब्द गावाच्या तोंडी गेला की शिवी होतो. अर्थ बदलला नाही, उच्चार बदलला नाही, बोलणारा बदलला. येथे कैकाडी बोलणे कितपत अस्सल आहे हा प्रश्न उपस्थित करणे म्हणजे चित्रपट न ऐकणे होय.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) तर भाषांच्या वाटपावरच उभा आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे तो त्यांच्या गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. म्हणजे खटला आहे तो मराठी शब्दांवर. परंतु कायद्याची कलमे इंग्रजीत वाचली जातात, आणि न्यायालयात जे बोलले जाते ते न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलेल्या इंग्रजी वाक्यांच्या रूपाने नोंदले जाते. बचावाचे वकील घरी गुजराती बोलतात. सरकारी वकील बाई घरी मुलांशी आणि नवऱ्याशी जी मराठी बोलतात तिचा त्यांच्या न्यायालयातील वाचनाशी काही संबंध उरलेला नाही. या सर्वांत कोणीही दुष्ट नाही. अन्याय होतो तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना, आणि तो कोणाच्याही लक्षात येत नाही. ‘कोर्ट’ ला २०१४ मध्ये व्हेनिस येथे आणि पुढे राष्ट्रीय पातळीवर सन्मान मिळाला, तेव्हा त्याच्या संयमाची व दीर्घ दृश्यांची पुष्कळ स्तुती झाली; त्याच्या बहुभाषिकतेची दखल मात्र बहुधा ‘वास्तवाचे चित्रण’ एवढ्यावरच आटोपली.

४

आता ‘स्थळ’. विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या डोंगरगाव नावाच्या खेड्यातील सविता या महाविद्यालयीन मुलीला पाहावयास पाहुणे येतात, पसंत न करता जातात, पुन्हा दुसरे येतात. एवढेच याचे कथानक. भूमिका गावातीलच, पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर उभे न राहिलेल्या माणसांनी केल्या आहेत. सविताच्या भूमिकेत नंदिनी चिकटे ही आहे. २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात त्याला नेटपॅक पारितोषिक मिळाले होते.

या चित्रपटाविषयी लिहिताना एक कबुली देणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पदव्युत्तर वर्गातील परिसंवादासाठी मी विद्यार्थ्यांना या चित्रपटातील बोलीची वैशिष्ट्ये टिपून आणावयास सांगितले होते. अपेक्षित उत्तरे मला ठाऊक होती : चतुर्थीचा ‘-ले’ हा प्रत्यय (‘मले’, ‘तुले’), ‘करून राहिला’ यासारखी चालू क्रियेची रूपे, ‘ळ’ च्या जागी येणारा ‘य’ आणि असेच काही. विदर्भातून आलेल्या एका विद्यार्थिनीची यादी सर्वांत अपुरी होती. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, ही रूपे मला वेगळी ऐकूच आली नाहीत, आमच्या घरी असेच बोलतात. मला ऐकू आले ते प्रश्न. त्यांची उत्तरे मला पाठ होती. मी ती तीनदा दिलेली आहेत.” वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. अस्सलपणाची कसोटी ही मुळातच बाहेरच्या माणसाची कसोटी आहे, ही गोष्ट त्या क्षणी माझ्या ध्यानात आली. ज्याची ती बोली असते त्याला ती बोली म्हणून ऐकू येतच नाही. त्याला ऐकू येते ते तिच्यात काय बोलले गेले ते. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण चित्रपटावर टिपण लिहिताना बोलीच्या अचूकतेला जवळजवळ गुणच दिले होते. ते टिपण आज मला लिहिता येणार नाही.

‘स्थळ’ मधील भाषेचे केंद्र बोलीत नाही, प्रश्नात आहे. मुलीला मध्यभागी बसविले जाते आणि भोवतालचे पुरुष तिला नाव, शिक्षण, उंची इत्यादी विचारतात. पाहुणे बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. सामान्य संभाषणात प्रश्न विचारणारा आपणही उत्तर देण्याचे बंधन पत्करीत असतो, ‘तुम्ही कोठले?’ या प्रश्नाच्या पोटात ‘मीही सांगेन’ हे आश्वासन असते. जेथे हे आश्वासन नसते अशी भाषणस्थळे थोडी आहेत : न्यायालय, पोलीस ठाणे, परीक्षा, नोकरीची मुलाखत. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम घरातल्या घरात, पोह्यांच्या बश्यांच्या साक्षीने, याच वर्गात मोडतो, ही गोष्ट ‘स्थळ’ ने एकही भाषण न करता दाखविली आहे. सविताला दिलेल्या उत्तरांपैकी एकही उत्तर माहितीसाठी आवश्यक नसते, कारण ती माहिती मध्यस्थाने आधीच पोहोचविलेली असते. प्रश्न विचारले जातात ते उत्तरे मिळविण्यासाठी नव्हे. मुलगी उत्तर देण्याच्या जागी बसली आहे, हे सर्वांना दिसावे म्हणून.

चित्रपटाचा आरंभ या संदर्भात विशेष विचारणीय आहे. सविताच्या स्वप्नात सर्व उलटे झालेले असते. मुलगा मध्यभागी बसलेला असतो आणि स्त्रिया त्याला प्रश्न विचारतात. प्रेक्षागृहात या प्रसंगाला हशा मिळतो आणि तो मिळावा अशीच योजना आहे. ध्वनिविचारात आपण एक साधी कसोटी वापरतो. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या शब्दांत एकच घटक बदलला, इतर सर्व तेच ठेवले आणि अर्थ बदलला, तर तो घटक अर्थभेदक ठरतो. सोमलकर यांनी हेच केले आहे. तीच बैठक, तेच प्रश्न, तसेच पोहे. बदलली ती फक्त विचारणाऱ्याची आणि उत्तर देणाऱ्याची जागा. जे हास्यास्पद झाले ते याच एका बदलामुळे. म्हणजेच पुढील दीड-पावणेदोन तास आपण जे पाहणार आहोत ते हास्यास्पद न वाटता ‘रीत’ वाटते, याचेही कारण तोच घटक होय. महाविद्यालयात स्त्रियांच्या सबलीकरणाचा पाठ चालू असतो आणि त्याच विद्यार्थिनीला घरी प्रश्नाला प्रतिप्रश्न करण्याची मुभा नसते, हा विरोध चित्रपटात पुढे येतो. तो मला किंचित अधोरेखित वाटला. पहिल्या दृश्याने जे सिद्ध केले होते ते पुन्हा सांगण्याची आवश्यकता नव्हती. एवढा दोष सोडला तर भाषणव्यवहाराचे इतके नेमके आकलन असलेला दुसरा मराठी चित्रपट अलीकडे माझ्या पाहण्यात नाही.

५

‘दशावतार’ ची गोष्ट वेगळी. याला प्रेक्षकांचा उदंड आश्रय लाभला आणि बाबुली मेस्त्री या वृद्ध दशावतारी कलावंताच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर यांनी जे काम केले आहे त्याला लाभलेली दाद सर्वथा योग्य आहे. त्यांच्या मालवणीविषयी अनुकूल-प्रतिकूल पुष्कळ बोलले गेले. ‘माका’, ‘तुका’, ‘आसा’, ‘खय’ ही रूपे ठिकाणी आहेत. हेलाविषयी त्या मुलखातील रसिकांनी निर्णय द्यावा. माझा मुद्दा निराळा आहे.

दशावतारी नाटक पाहिलेल्यांना ठाऊक आहे की, या नाटकाला लिखित संहिता नसते. कथानक ठरवून घेतलेले असते आणि नट रंगभूमीवर संवाद रचीत जातो. या रचण्यात भाषेचे एक द्वैत पाळले जाते. देव आणि राजे ग्रांथिक मराठीत बोलतात, संस्कृत शब्दांनी भारलेल्या लांब वाक्यांत. आणि आरंभी येणारा संकासुर मालवणीत बोलून हशे घेतो. दिवसा शेतात किंवा दुकानात मालवणी बोलणारा माणूस रात्री वेष चढविताच त्या उच्च भाषेचा धनी होतो. शाळेच्या पुस्तकाने त्याला ती दिलेली नसते, परंपरेने दिलेली असते. भाषावैज्ञानिकांनी एकाच समाजातील उच्च व नीच अशा दोन भाषारूपांच्या वाटणीविषयी पुष्कळ लिहिले आहे. १९५९ मध्ये चार्ल्स फर्ग्युसन यांनी या स्थितीचे जे विवेचन केले ते प्रसिद्धच आहे. तळकोकणातील कोणताही दशावतारी कलावंत ही वाटणी एका रात्रीत दोन्ही बाजूंनी जगतो.

बाबुली हा असा माणूस आहे. म्हणून चित्रपटाच्या पूर्वार्धात, जेथे त्याचे घर, त्याचा मुलगा, त्याची मंदावलेली दृष्टी आणि रंगभूमी सोडवत नसलेले त्याचे मन दिसते, तेथे ही द्विभाषिकता हाती येईल अशी आशा वाटते. मुलाशी बोलणारा बाबुली आणि रंगभूमीवरचा बाबुली यांच्यामध्ये भाषेचे जे अंतर आहे, त्यातच या पात्राची शोकांतिका सामावलेली होती. उत्तरार्धात खाणीच्या प्रश्नाने व मुलाच्या मृत्यूने कथा सूडाकडे वळते. बाबुली सोंगे घेऊन शत्रूंसमोर उभा राहतो. सामान्य माणसाची बोली जेथे पोहोचू शकत नाही तेथे देवाची वाणी घेऊन जावे लागते, ही कल्पना मूळची समर्थ आहे. पण चित्रपट येथे वाणीवर विश्वास ठेवीत नाही. काम वेषावर, प्रकाशयोजनेवर आणि मोठ्या आवाजाच्या पार्श्वसंगीतावर सोपविले जाते. संहितेवाचून केवळ शब्दांच्या बळावर रात्र जागविणाऱ्या कलेवरचा हा चित्रपट. त्याने निर्णायक क्षणी शब्द बाजूला ठेवावे, याची खंत वाटते.

ही टीका चित्रपट लोकप्रिय आहे म्हणून केलेली नाही. लोकप्रियता हा दोष नव्हे. या चित्रपटाने मालवणी ऐकण्याची सवय महाराष्ट्रभरच्या प्रेक्षकांना लावली, हे त्याचे मोठेच कार्य आहे. मात्र बोली बिनचूक सांभाळूनही भाषेतील नाट्य हातचे निसटू शकते, याचे उदाहरण म्हणून तो अभ्यासकांनी जरूर पाहावा.

६

‘साबर बोंडं’ हा या तिघांत सर्वांत हळू बोलणारा चित्रपट आहे. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या कथात्मक विभागाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. मुंबईत राहणारा आनंद (भूषण मनोज) वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी जातो. तेथे बालपणीचा सोबती बाळ्या (सूरज सुमन) त्याला पुन्हा भेटतो आणि दोघांमध्ये जवळीक निर्माण होते. आनंदचे स्वरूप आईला ठाऊक आहे. नातेवाइकांना नाही, आणि ते त्याच्या लग्नाचा विषय पुन:पुन्हा काढतात.

सुतकाच्या घरात आपल्याकडे जी भाषा चालते तिची एक रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘असे करायचे नसते’, ‘हे चालत नाही’, ‘तसे करावे लागते’. या वाक्यांना कर्ता नसतो. नियम कोणी केला, कोणाला उद्देशून केला, हे वाक्यातून कळत नाही. तो नियम आहे एवढेच कळते. आज्ञार्थी वाक्याला निदान आज्ञा देणारा असतो आणि त्याच्याशी वाद घालता येतो. कर्ता नसलेल्या वाक्याशी वाद घालणार तरी कसा? आनंदवर चहूबाजूंनी जो भार येतो तो या रचनेचा आहे. विशेष हे की, सुतकाचे निषेध आणि लग्नाचा आग्रह या दोन्हींचे व्याकरण एकच असते. ‘पायांत घालायचे नसते’ आणि ‘वेळेवर लग्न करायचे असते’ ही एकाच साच्यातील वाक्ये होत. त्यामुळे शोकाचे दहा दिवस आणि आनंदचे उभे आयुष्य या दोहोंवर एकच अदृश्य कर्ता सत्ता गाजवीत आहे, हे प्रेक्षकाला कोणी न सांगता जाणवते. याउलट आनंद आणि बाळ्या एकमेकांशी बोलतात ती वाक्ये लहान, साधी, रानातल्या कामाधामातली आहेत; त्यांत ‘मी’ आणि ‘तू’ आहे.

आणखी एक गोष्ट. मराठीची नातेवाचक शब्दसंपत्ती विलक्षण समृद्ध आहे. दीर, नणंद, जाऊ, भावजय, मेहुणा, व्याही. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालाही आपल्याकडे ‘साडू’ हा स्वतंत्र शब्द आहे. पण हे सारे शब्द विवाहाच्या दारातून आत येतात. जो विवाह करीत नाही त्याच्यासाठी या कोशाचा मोठा भाग बंद राहतो आणि तो ज्याच्यावर प्रेम करतो त्याला या कोशात जागाच नसते. ‘मित्र’ हा शब्द उरतो; तो खोटा नाही, परंतु पुरेसाही नाही. कानवडे यांनी या रिकाम्या जागेत नवा शब्द घालण्याचा अट्टहास केला नाही, नात्याच्या नावावर भर दिला नाही, हे त्यांच्या संयमाचे लक्षण होय. त्या जागी त्यांनी एक फळ ठेवले आहे. निवडुंगाच्या फळाला गावात जे नाव आहे तेच चित्रपटाचे नाव झाले. काटे काढून दिलेले ते लाल फळ जे सांगते, ते सांगण्यासाठी मराठीला आज तरी सहज शब्द नाही. भाषेची उणीव भाषेत न सांगता वस्तूने सांगावी, हे चित्रपटालाच साधण्यासारखे आहे.

या चित्रपटाचा वेग काहींना फार संथ वाटेल. मधल्या भागात एकाच भावस्थितीची दृश्ये अधिक झाली आहेत, असे मलाही वाटले. परंतु जयश्री जगताप यांनी साकारलेली आई जेथे जेथे आहे तेथे तेथे चित्रपट सावरतो. नातेवाइकांपुढे ती एक भाषा बोलते, मुलापुढे दुसरी. आणि या दोन भाषांमधले अंतर ती त्याच्यासाठी एकटी वाहून नेते.

७

येथे एक आक्षेप संभवतो. ही समाजशास्त्राची चर्चा झाली, चित्रपटाची नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यावर उत्तर असे की, वर सांगितलेल्या गोष्टी चित्रपटाच्या बाहेरून आणलेल्या नाहीत. सविताची जागा, बाबुलीची सोंगे, आनंदच्या घरातील कर्ताहीन वाक्ये, ही त्या त्या कृतीची घडण आहे. या घडणीच्या आधारेच ‘स्थळ’ च्या आरंभाला श्रेष्ठ म्हणता येते आणि ‘दशावतार’ च्या उत्तरार्धाविषयी असमाधान व्यक्त करता येते. जी चर्चा गुणदोषांचा निर्णय करण्यास समर्थ आहे तिला समीक्षा म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. ‘स्थळ’ आणि ‘साबर बोंडं’ यांचे पहिले कौतुक परदेशी महोत्सवांत झाले आणि तेथील बहुसंख्य प्रेक्षकांनी ते इंग्रजी तळओळींच्या आधारे पाहिले. त्या कौतुकाचा आनंद आहेच. परंतु ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद त्या ओळींत उतरत नाही. ‘करायचे नसते’ चे कर्ताहीनत्व उतरत नाही. कोणती बोली कोणत्या उंबरठ्यापाशी बदलली तेही उतरत नाही. अनुवादात जे टिकते त्याची समीक्षा इतरत्र होईल. अनुवादात जे गळते त्याची समीक्षा मराठीत झाली नाही, तर ती कोठेच होणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्यानंतरच्या वर्षभरातच हे तीनही चित्रपट चित्रपटगृहांत आले. भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे आपण परिश्रमाने गोळा केले; तिच्यात आज कोणाला बोलता येते आणि कोणाला नुसती उत्तरे द्यावी लागतात, याचे पुरावेही तितक्याच परिश्रमाने गोळा केले पाहिजेत.

विभागातील विद्यार्थ्यांना म्हणून एक सूचना कराविशी वाटते. चित्रपटाच्या भाषेवर प्रबंधिका लिहिताना बोलीरूपांची यादी अवश्य करावी. पण तिच्याबरोबर एखाद्या प्रसंगाचे संपूर्ण ध्वनिलेखन करून प्रत्येक वाक्यापुढे ते कोणी, कोणाला, कोठे उद्देशून म्हटले, त्याला उत्तर मिळाले की नाही आणि मध्ये किती वेळ कोणी बोलले नाही, याचीही नोंद करावी. काम किचकट आहे आणि त्यातून लगेच सिद्धान्त निघणार नाहीत. आमच्या परिसंवादातील त्या विद्यार्थिनीने ‘स्थळ’ मधील पाहण्याच्या कार्यक्रमांचे असे ध्वनिलेखन हाती घेतले आहे. ते पूर्ण झाल्यावर याच पत्रिकेत प्रसिद्ध करण्याचा विचार आहे. माझ्या वरील विधानांपैकी काही विधाने त्या आधारे दुरुस्त करावी लागली, तर ती दुरुस्ती मी आनंदाने करीन.